नालेचा खर्च कोणाचा?

पान का सडले, घोडा का अडला आणि भाकरी का करपली, या तीन प्रश्नांचे एकच उत्तर आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे : न फिरवल्यामुळे. उत्तर चतुर आहे, यात शंका नाही. परंतु ते दरबारात बसणाऱ्या माणसाचे उत्तर आहे. हाच प्रश्न मंडईच्या टांगा स्टँडवर कोणी विचारला असता, तर टांगेवाल्याने काही न बोलता घोड्याचा पाय उचलून दाखवला असता. दिवसभर रस्त्यावर असलेला घोडा न फिरवल्यामुळे अडत नाही. तो फार फिरवल्यामुळे अडतो, आणि अडतो तो बहुधा पायात.

आजचा विषय घोड्याचा लंगडेपणा आणि खुराची निगा हा आहे. वसंतातल्या संध्याकाळी साहित्य, राजकारण किंवा तत्त्वज्ञान ऐकायच्या तयारीने आलेल्या श्रोत्यांना तो थोडा विचित्र वाटेल. मी पशुवैद्य नाही आणि इतिहासाचा पदवीधरही नाही. शाळा लवकर सुटली. सार्वजनिक वाचनालयात बसून जे वाचता आले ते वाचले. बाकीचे आयुष्य हमाल, हातगाडीवाले आणि रिक्षावाले यांच्या संघटनेच्या कामात गेले. त्या कामात माणसाला एक खोड लागते. कोणतीही गोष्ट सुरळीत चाललेली दिसली, की ती कोणाच्या खर्चाने चालली आहे असे तो विचारतो. तोच प्रश्न मी आज घोड्याच्या नालेला विचारणार आहे.

प्रथम मंडईविषयी दोन शब्द. मंडईची दगडी इमारत १८८६ साली उभी राहिली आणि मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. त्यापूर्वी भाजीचा बाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरत असे. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. या इमारतीवर मोठी रक्कम घालण्यास त्यांनी विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लागावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचे नाव मिळाले. खर्च कोणासाठी आणि कोणाच्या खिशातून, हा वाद मंडईच्या पायातच आहे म्हणा ना. योगायोग असा, की त्याच १८८६ साली मुंबईत परळ येथे पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले. मुंबई इलाख्यात एकाच वर्षी गाड्याघोड्यांची वर्दळ वाढवणारा बाजार उघडला आणि जनावराचा पाय तपासायला शिकवणारी शाळाही उघडली. या दोहोंची गाठ मात्र फारशी पडली नाही. ती का पडली नाही, हे समजण्यासाठी आधी खूर समजून घेतला पाहिजे.

घोडा चार पायांवर उभा असतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो चार बोटांवर उभा असतो, आणि तेही प्रत्येक बोटाच्या नखावर. गाईबैलांचा खूर दुभंगलेला असतो, घोड्याचा एकसंध असतो. कारण त्याच्या पायाला आता एकच मधले बोट उरले आहे. तीनशे किलो वजनाचे टांग्याचे तट्टू धरले, तर उभे असताना त्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणजे एकेका नखावर ९० किलो. पळताना एखाद्या क्षणी हा भार याहून कितीतरी वाढतो.

हे नख बाहेरून दगडासारखे दिसते. आतून ते फार नाजूक आहे. बाहेरची भिंत निर्जीव असते. तिला खिळा ठोकला तरी दुखत नाही. तिच्या आत पायाचे शेवटचे हाड असते, आणि ते खुरात नुसते ठेवलेले नसते. सुमारे साडेपाचशे ते सहाशे पातळ पापुद्र्यांनी ते भिंतीला आतून टांगलेले असते. दोन वह्यांची पाने एकमेकांत सरकवून घट्ट धरावीत, तशी ही रचना आहे. पाय उलटा करून पाहिला तर भिंत आणि तळवा यांच्यामध्ये एक फिकट पांढरी रेघ दिसते. रेघेच्या बाहेर निर्जीव नख, आत रक्त आणि संवेदना. तळव्याच्या मागच्या बाजूला एक त्रिकोणी, रबरासारखी गादी असते; तिला पुतळी म्हणतात. प्रत्येक पावलागणिक खुराचा मागचा भाग किंचित फाकतो, पुतळी दबते, धक्का जिरतो आणि रक्त वर ढकलले जाते. जुने जाणकार घोड्याच्या पायाला दुसरे काळीज समजत, ते काही उगाच नव्हे.

खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढच्या बाजूची भिंत मुळापासून जमिनीपर्यंत नवी व्हायला ९ ते १२ महिने लागतात. रानात हिंडणाऱ्या घोड्याचा खूर जेवढा वाढतो तेवढा झिजतो. खडीच्या किंवा डांबरी रस्त्यावर ओझे ओढणाऱ्या घोड्याचा खूर वाढीपेक्षा लवकर झिजतो, म्हणून नाल लागते. आणि नाल ठोकली की झीज थांबते. मग वाढलेला खूर कापावा लागतो. म्हणून नाल शाबूत असली तरी चार ते सहा आठवड्यांनी ती काढून, खूर तासून पुन्हा बसवावी लागते. ज्याने नाल मारली, त्याने या पाळीचे कर्ज अंगावर घेतले. हप्ता चुकला की व्याज घोड्याच्या पायात साठते : पुढचा भाग लांबतो, टाच खाली बसते आणि मागच्या शिरांवर ताण येतो.

नालबंदाचे काम लांबून पाहणाऱ्याला हातोडीचे काम वाटते. ते खरे पाहता नजरेचे काम आहे. मंडईत माल घेऊन येणाऱ्या बैलाला पत्र्या मारायच्या तर त्याला दोराने आडवा पाडावा लागे. घोड्याचे तसे नाही. त्याला तीन पायांवर उभा ठेवून चौथा पाय नालबंद आपल्या मांड्यांत धरतो. खिळा पांढऱ्या रेघेच्या बाहेरून शिरला पाहिजे आणि भिंतीतून तिरपा वर निघाला पाहिजे. एका दाण्याइतका आत गेला, तर त्या दिवशी नाही, पण दोन दिवसांनी घोडा लंगडतो. खिळे साधारण सहा ते आठ असतात. बाहेरच्या बाजूला एखादा जास्त, आतल्या बाजूला कमी, कारण आतली भिंत पातळ असते. या धंद्याचा पहिला नियम असा : खुराप्रमाणे नाल, नालेप्रमाणे खूर नव्हे. तयार नाल थंडच ठोकायची आणि ती बसेपर्यंत खूर कानशीने घासायचा, हा उरकण्याचा मार्ग झाला. त्याने भिंत पातळ होते आणि पुढच्या वेळी खिळ्याला जागा राहत नाही. पुतळी सुरीने कोरून सुबक करणे हेही असेच. दिसायला छान, घोड्याला घातक.

आता लंगडेपणा कसा ओळखावा? घोड्याला कडक, सपाट जमिनीवर लगाम सैल सोडून दुडक्या चालीने चालवावे आणि मानेकडे पाहावे. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला की मान वर उचलली जाते. बरा पाय टेकला की मान खाली येते. मागचा पाय दुखत असेल तर कमरेची एक बाजू जास्त उसळते. पुढच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्याचे दुखणे पुष्कळदा खुरातच असते. म्हणून शोध खुरापासून सुरू करावा आणि मग वर चढावे. हाताने खूर चाचपावा, तो दुसऱ्यापेक्षा गरम आहे का पाहावे. घोट्याच्या मागे बोट ठेवून नाडी जोरात उडते का पाहावे. पकडीने तळवा हलके दाबत जावे. जिथे घोडा पाय ओढून घेतो तिथे दुखणे.

कारणे थोडीच आहेत आणि बहुतेक रोजच्या जगण्यातली आहेत. खिळा किंवा काच तळव्यात गेली, आत पू झाला. भाजीच्या कचऱ्यात, मुतात आणि चिखलात तासन्‌तास उभे राहून पुतळी सडली. तिच्या खाचेत काळा, घाणेरड्या वासाचा पदार्थ दिसतो. एकदम भरपूर दाणा खाल्ला गेला आणि ते टांगून धरणारे पापुद्रे सुजले. असा घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागच्या पायांवर रेलून उभा राहतो, आणि त्याला जागचे हलणे नको होते. किंवा ओल्या रस्त्यावर पाय घसरून शीर दुखावली.

उपायही गुपित नाहीत. पुवाला तळव्यातून वाट करून द्यावी, मिठाच्या कोमट पाण्यात पाय शेकावा, पोटीस बांधावे. पुष्कळदा एकदोन दिवसांत घोडा पाय टेकू लागतो. धनुर्वाताची लस चुकवू नये, कारण ज्या थोड्या प्राण्यांना हा रोग सर्वांत लवकर गाठतो त्यांत घोडा आहे. सडलेली पुतळी साफ करून कोरडी ठेवावी. पापुद्रे सुजल्याचा संशय आला तर दाणा बंद करावा, पायाखाली मऊ अंथरावे आणि त्याच घटकेला डॉक्टर बोलवावा. ते दुखणे थांबायला वेळ देत नाही. रोज सकाळसंध्याकाळ पाय उचलून खाचा साफ कराव्यात, तबेल्याची जमीन उताराची आणि कोरडी ठेवावी.

परंतु या सगळ्या यादीत एक औषध असे आहे की जे प्रत्येक दुखण्यात लिहिलेले असते आणि कोणत्याच दुकानात मिळत नाही. ते म्हणजे विश्रांती. पू झाला तर आठवडा, दोन आठवडे. शीर दुखावली तर कित्येक महिने. आणि विश्रांतीला मोल पडते. म्हणून घोड्याच्या पायाचा इतिहास हा माझ्या मते औषधांचा इतिहास कमी आणि विश्रांतीच्या हिशेबाचा इतिहास जास्त आहे. ज्या काळी हा हिशेब कोणीतरी वहीत मांडला, त्या काळी घोडे चालले. ज्या काळी तो गरिबाच्या खिशावर सोडला, त्या काळी घोडे लंगडे राहिले.

आपल्या प्रदेशात घोडा फार जुना आहे. नागपूरजवळ माहूरझरी, नैकुंड अशा ठिकाणी लोहयुगातल्या शिळावर्तुळांखाली माणसांबरोबर पुरलेल्या घोड्यांचे अवशेष आणि लोखंडी लगाम सापडले आहेत. घोड्याच्या वैद्यकाची परंपरा शालिहोत्राच्या नावाने चालत आली, आणि त्याच नावावरून घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणू लागले. विद्या होती. तिचा पगार कोणी द्यायचा, हा प्रश्न राज्यकारभाराचा होता.

त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर आपल्याला शिवाजीमहाराजांच्या पागेत सापडते. सभासदाने राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीस बखर लिहिली. तीत पागेची व्यवस्था सांगताना तो पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असल्याचे नोंदवतो. हा आकडा मी अनेकदा मनाशी घोळवला आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक घोड्याचा पाय हाती घ्यायचा म्हटले, तर पंचवीस घोड्यांच्या नालबंदाला दिवसाला साधारण एक घोडा येतो. उरलेला वेळ वाटेत निघालेल्या नालेसाठी आणि अचानक लंगडलेल्या घोड्यासाठी. ज्याने हे प्रमाण ठरवले, त्याने खूर तासताना पाहिला होता असे मला वाटते.

पागेतला स्वार म्हणजे बारगीर. घोडा सरकारचा, दाणा सरकारचा, नालबंद सरकारचा. घोडा लंगडला तर बारगिराचे घर बुडत नसे. आणि विश्रांतीही ठरलेली होती. पावसाळ्यात लष्कर छावणीला परते, तिथे दाणा, वैरण आणि औषधे आधी साठवलेली असत, घरे गवताने शाकारून ठेवलेली असत, आणि दसऱ्याला लष्कर पुन्हा बाहेर पडे. १६७० नंतरच्या दशकात चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. त्यात रयतेच्या भाजीच्या देठाची काळजी आहे, हे आपण सर्व जाणतो. पण त्याच पत्रात साठवलेला दाणा आणि वैरण पावसाळाभर कशी पुरवावी याचाही खोल विचार आहे. आज उधळाल तर उद्या घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्याचे तात्पर्य आहे. दोष कोणाचा हे पत्रात स्पष्ट आहे : खाणाऱ्या घोड्याचा नाही, वाटप करणाऱ्या कारभाऱ्याचा.

दुसऱ्या प्रकारचा स्वार शिलेदार. घोडा त्याचा स्वतःचा, म्हणून पगार अधिक. पण घोडा मेला किंवा कायमचा लंगडला तर रोजगारही गेला. पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण वाढले. त्यांना मोहिमेपूर्वी तयारीसाठी जी आगाऊ रक्कम मिळे तिला नालबंदी म्हणत. शब्दाकडे लक्ष द्या. तलवारबंदी नव्हे, जीनबंदी नव्हे, नालबंदी. मोहिमेचा पहिला खर्च कुठे होतो हे त्या भाषेला ठाऊक होते. रक्कम पुरेशी असे की नसे, वेळेवर मिळे की नाही, हा वेगळा वाद. परंतु नालेचा खर्च कामावर बोलावणाऱ्याने आधी द्यावा, हे तत्त्व त्या शब्दात गोठून राहिले आहे.

तिसरी पद्धत इंग्रजी अमलातली. १८१७ साली उभ्या राहिलेल्या पुणे हॉर्ससारख्या रिसाल्यांत शिलेदारीच चालू राहिली. स्वार घोड्याची किंमत भरून भरती होई. पण रिसाल्यात चंदा फंड असे. प्रत्येक स्वाराकडून दरमहा वर्गणी घेत आणि घोडा मेला किंवा बाद झाला की नवा घोडा त्या फंडातून घेत. ही परस्पर विम्याचीच रीत होती. कामगार चळवळीत आम्ही ज्याला मदत निधी म्हणतो, तो पुण्याच्या छावणीत घोड्याच्या नावाने आधीपासून होता. पहिल्या महायुद्धात मोठ्या नुकसानीपुढे ही शिलेदारी टिकली नाही आणि युद्धानंतर ती बंद झाली. पुण्यात लष्कराची पशुवैद्यक शाळाही होती. ती १८६२ साली निघाली, आणि अशी देशातली पहिली शाळा म्हणून तिचे नाव घेतले जाते. तात्पर्य, पागा म्हणा, नालबंदी म्हणा, चंदा फंड म्हणा. तीन वेगवेगळ्या राजवटींत, तीन वेगवेगळ्या रीतींनी, घोड्याच्या पायाचा भार एकट्या स्वारावर पडू दिलेला नव्हता.

आता मंडईत परत या. रेल्वे १८५८ साली पुण्याला पोहोचली. स्टेशनपासून पेठांपर्यंत माणसे, ट्रंका आणि लग्नाची वऱ्हाडे आणायला टांगा आला. मंडईच्या भोवती टांगे उभे राहत. या टांगेवाल्यांतही बारगीर आणि शिलेदार हे दोन प्रकार होतेच. काहींचा घोडा आणि टांगा स्वतःचा; काही रोजच्या भाड्याने मालकाचा टांगा हाकत. फरक एवढाच, की इथल्या बारगिरामागे पागा नव्हती आणि शिलेदाराला नालबंदी नव्हती. भाड्याने हाकणाऱ्याला उद्याच्या घोड्याची फिकीर नसे, कारण उद्या त्याला दुसरा मिळे; आणि मालकाला दिवसभर घोडा दिसत नसे. स्वतःचा घोडा असणाऱ्याला फिकीर असे, पण सवड नसे. रिक्षा बंद ठेवली तर ती पेट्रोल पीत नाही. घोडा उभा ठेवला तरी हरभरा खातोच. लंगड्या घोड्याला आठवडाभर बांधून ठेवणे म्हणजे मिळकत बंद आणि खर्च चालू. त्यात मुलांची तोंडे. मग सकाळी घोडा थोडा ठेचाळतो, पण चालता चालता सैल होतो, असे स्वतःच्या मनाला सांगत माणूस टांगा जुंपतो. त्या माणसाला निर्दय म्हणणे सोपे आहे. त्याच्या हिशेबाची वही उघडून पाहणे कठीण आहे.

त्यात रस्ता बदलत गेला. मातीचा खडीचा झाला, खडीचा डांबरी झाला. माणसाला आणि रबरी चाकाला तो सोयीचा. लोखंडी नालेला तो निसरडा. पावसात मंडईच्या दारात कोबीची पाने आणि केळीच्या साली पडलेल्या, त्यावर नाल. याच शहरात दुसऱ्या टोकाला शर्यतीचे घोडे होते आणि आहेत. त्यांच्यासाठी हिरवळ, शर्यतीच्या दिवशी हलकी अॅल्युमिनियमची नाल, दिमतीला मोतद्दार आणि डॉक्टर. खुराचे शास्त्र दोन्ही घोड्यांना एकच. फरक फक्त तो शास्त्रार्थ कोणाला परवडतो याचा.

सरकार या काळात गप्प होते असे नाही. १८९० साली प्राण्यांशी क्रूरतेच्या प्रतिबंधाचा कायदा झाला. आजारी वा जखमी जनावर कामाला जुंपणे गुन्हा ठरला. आणि त्याच १८९० साली, १० जूनला, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांना यश येऊन मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे हे फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. एकाच वर्षी घोड्यासाठी कायदा झाला आणि माणसासाठी सुट्टी झाली. दोहोंतला फरक आपण ध्यानात घ्यावा. कामगाराला विश्रांतीचा दिवस मिळाला. घोड्याला विश्रांती मिळाली नाही. घोडेवाल्याला दंड मिळाला.

स्वातंत्र्यानंतर १९६० साली नवा कायदा आला आणि १९६५ साली ओझ्याच्या जनावरांविषयी नियम झाले. दिवसातून एकूण नऊ तासांपेक्षा अधिक काम नाही, सलग पाच तासांपेक्षा अधिक नाही, उष्णता ३७ अंशांच्या वर जाते तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही. हे आकडे वाचले तेव्हा मी थबकलो. नऊ तास आणि पाच तास हे १९४८ च्या कारखाने कायद्यातले आकडे आहेत! तिथेही प्रौढ कामगाराचा दिवस नऊ तासांचा आणि विश्रांतीशिवाय सलग काम पाच तासांचे ठरवले होते. कायदा करणाऱ्यांनी घोड्याला कामगार मानले, याचा मला आनंद झाला. पण कारखान्याच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी होती, भरपगारी रजा होती. घोड्याच्या नियमांत लंगडेपणाच्या आठवड्याची तरतूद नाही. लंगडा घोडा जुंपला तर पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. घोडा उपचारासाठी ठेवून घेतला तर तिथल्या दाण्यापाण्याचा खर्चही मालकाकडून. पंचवीस घोड्यांमागचा तो एक नालबंद कायद्यात कुठेच नाही.

हे अशक्य होते का? मुळीच नाही. मंडईतल्या आणि गोदामांतल्या पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. एकेका हमालाचा एक मालक नसतो, दहा ठिकाणी तो ओझी उचलतो. म्हणून प्रत्येक ओझ्यामागे ठरलेली लेव्ही मंडळात जमा करायची आणि त्यातून त्याची रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना चालवायचा, अशी ही रचना. टांगेवाल्याची स्थिती याहून वेगळी काय होती? प्रत्येक फेरीमागे एक आणा नालबंदीचा म्हणून जमा झाला असता, तर स्टँडवर एक पगारी नालबंद, चार फिरते घोडे आणि लंगड्यासाठी एक कोरडा तबेला सहज उभा राहिला असता. पण तोवर टांगाच मावळतीला लागला होता. नवलमल फिरोदिया यांनी १९४८ च्या सुमारास ऑटोरिक्षाचा पाठपुरावा केला; माणसाने माणूस ओढण्याची पद्धत बंद व्हावी हा त्यांचा हेतू स्तुत्यच होता. १९५० साली पालिकेची बससेवा आली. टांगे कमी होत गेले आणि नालबंद ऐरण उचलून दुसऱ्या धंद्याला लागले. घाऊक भाजीबाजार गुलटेकडीला गेला.

विषय तिथे संपला असे कोणी समजू नये. मुंबईत व्हिक्टोरिया बग्ग्यांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि २०१५ साली न्यायालयाने त्या बेकायदा ठरवून वर्षभरात थांबवायला सांगितले. माथेरानला आजही घोडा हेच अनेक घरांचे पोट आहे. तिथे मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा घोडेवाल्यांनी घोडे घसरतात अशी तक्रार केली, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. लग्नसराईत नवरदेवाची घोडी डांबरी रस्त्यावर, बँडच्या गोंगाटात, अर्धी रात्र उभी असते. तिच्या पायाला नाल कधी मारली होती हे वऱ्हाडी विचारीत नाहीत. विचारावे, अशी माझी विनंती आहे. घोडी ठरवताना तिला चार पावले दुडक्या चालीने चालवून दाखवा म्हणावे, मानेकडे पाहावे, आणि ती लंगडत नसेल तरच बयाणा द्यावा. लंगडत असेल तर भाव पाडून घेऊ नये. भाव पाडल्याने तिचा पाय बरा होत नाही. उलट मालकाला ती उद्या पुन्हा बाहेर काढावी लागते.

आणि एक गोष्ट घोड्याविना चाललेल्या शिलेदारीची. मोबाईलवर हुकूम आला की जेवण घेऊन दारात येणारा मुलगा आपण रोज पाहतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, पंक्चर त्याचे, आणि गाडी बंद पडली तर दिवसही त्याचाच बुडाला. तो शिलेदार आहे. त्याला नालबंदी मात्र नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचे नाव आणि कंपन्यांनी त्यांच्यासाठी निधी द्यावा ही तरतूद आली. तो निधी दंडाच्या वाटेने जातो की पागेच्या वाटेने, हे पाहण्याचे काम आपल्या सर्वांचे आहे.

आपल्याकडे नालेसाठी घोडा अशी म्हण आहे. रस्त्यात नाल सापडली म्हणून घोडा विकत घेणाऱ्या मूर्खाला आपण हसतो. पण सापडलेली नाल उचलून उंबरठ्याला ठोकण्यात, काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी करून शनीची बाधा टाळण्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. ती नाल ज्या खुरातून निखळली, तो घोडा त्या दिवशी तीन नालांवर घरी गेला असेल, आणि नवी नाल मारायला त्याच्या धन्याजवळ पैसे होते की नव्हते कोण जाणे. ज्यांच्या घरी उंबरठ्याला नाल असेल, त्यांनी ती एकदा जवळून पाहावी. पुढची कड किती झिजली आहे, खिळ्यांची भोके किती मोठी झाली आहेत, यावरून ती वेळेवर बदलली जात होती की नाही हे सहज कळते.